दहा हजार एकचं काय करायचं

"तुम्ही काय करता?" असं दिल्लीत कुणी विचारलं की मी सांगायचो, "पोकळी सांभाळतो." समोरचा हमखास विचारायचा, "कुठल्या मंत्रालयात?"

मग खुलासा करावा लागे. मी नोएडातल्या एका निर्यात कारखान्यात पॅकिंगचा मास्टर होतो. काचेची वस्तू आणि पुठ्ठ्याची पेटी यांच्यामध्ये जी जागा उरते, ती माझी जहागीर. वस्तू घडवणाऱ्याचं नाव होतं, विकणाऱ्याची गाडी होते. मधल्या जागेकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही. आतून खळ्ळ आवाज आला की सगळे माझ्याकडे बघतात.

लोकांना वाटतं, पेटी घ्यायची, भरायची, चिकटपट्टी मारायची, झालं. पण हा धंदा मुळात भागाकाराचा आहे. माल किती, एका पेटीत किती, पेट्या किती. बाकी शून्य आली की सुखाची झोप, नाही आली तर ती बाकी उशाशी येऊन बसते आणि रात्रभर तुमच्याकडे बघते. चोवीस ही माझी लाडकी संख्या. दोनच्या रांगा करा, तीनच्या करा, चारच्या, सहाच्या करा, कुठेही बसवा, कुरकुर न करता बसते. जावई असावा तर चोवीससारखा. याउलट तेवीस, एकोणतीस, सदतीस ही मंडळी. त्यांना एकाच लांबलचक रांगेशिवाय दुसरी बैठकच ठाऊक नाही. गणितवाले त्यांना मूळसंख्या म्हणतात. आम्ही पॅकिंगवाले त्यांना जे म्हणतो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

माझ्या हातून बांगड्यांपासून बंबांपर्यंत सगळं गेलं. एकदा तर मी एका माणसाची मिशी वगळता त्याचा अख्खा संगमरवरी पुतळा पॅक केला होता. मिशी वेगळ्या पेटीतून गेली आणि आधी पोचली. पण ते राहू द्या. मला सांगायचंय ते एका आकड्याबद्दल, ज्याने आमचा सगळा हॉल जवळजवळ रस्त्यावर आणला होता.

उदारीकरणाची ती पहिली वर्षं. सरकारने दार जरा किलकिलं केलं आणि नोएडात ज्याच्याकडे शेड होतं तो एक्स्पोर्टर झाला, ज्याच्याकडे शेडही नव्हतं तो कन्सल्टंट झाला. मोहरीच्या शेतात सेक्टरचा फलक आधी उगवायचा आणि रस्ता मागाहून, जमलं तर. मी मयूर विहारहून स्कूटरने जायचो. उन्हाळ्यात अशी लू वाहायची की डब्यात साधा भात घेऊन निघालो तर कारखान्यात पोचेपर्यंत त्याचा पुलाव झालेला असे.

आमचे मालक चोप्राजी. आवाज असा की नोएडाहून दिल्लीला बोलताना ते फोन केवळ रिवाज म्हणून कानाला लावत. त्यांनी नुकताच ख्रिसमसच्या झाडाला टांगायच्या काचेच्या रंगीत गोळ्यांचा कारखाना घातला होता. ते झाड त्यांनी स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं. "झाड त्यांचं, गोळा आपला," असं ते म्हणत.

आणि पॅकिंग हॉलची कर्ती होती रामवती. शेजारच्याच गावातली. हॉल जिथे उभा होता ते पूर्वी तिच्या सासऱ्याचं गव्हाचं शेत. सेक्टर आला, शेत गेलं, आणि मोबदला हातात पडताच नवऱ्याने ट्रॅक्टर घेतला. शेत गेल्यावर. तो ट्रॅक्टर दारात उभा असे आणि रामवती त्यावर गोधड्या वाळत घाली. नवऱ्याचं नाव निघालं की ती म्हणे, "हमारे यहाँ हल पहले बिकता है, बैल बाद में आता है." तिच्या हाताखाली गावातल्याच बायका. काचेचा गोळा त्या असा उचलत की गोळ्यालाही कळत नसे.

आमची पहिली परदेशी ऑर्डर हॉलंडच्या एका दुकानदार बाईंची. दहा हजार गोळे. फोनवर सौदा पक्का झाला, कागद टाइप होऊन आला, आणि सही करता करता चोप्राजींनी शेवटचं शून्य खोडून तिथे एक लिहिला. दहा हजार एक.

आपल्याकडे आहेराच्या पाकिटात कुणी शंभर घालत नाही, एकशे एक घालतो. गोल आकडा म्हणजे व्यवहार संपला, वर एक ठेवला की नातं पुढे चालू राहिलं. चोप्राजींनी शगुन केला होता, एक गोळा फुकट. हॉलंडच्या बाईंना वाटलं, या माणसाला नक्की दहा हजार एकच पाठवायचे आहेत. त्यांचा फॅक्स आला: फार छान, दहा हजार एक मंजूर. फक्त प्रत्येक पेटीत सारखेच गोळे हवेत, एकाच थरात, शंभराच्या आत. सुटी किंवा अर्धी पेटी चालणार नाही, आमचं गोदाम पेट्यांवरून माल मोजतं.

शगुनाचा हा एक दिसायला गरीब असतो, पण त्याच्या लीला ऐका. दहा किती मनमिळाऊ, त्यात एक मिळवा, अकरा, मूळसंख्या. शंभर म्हणजे तर गावजेवण, कुणालाही वाढा. एकशे एक? पुन्हा मूळ, कुणाला घास द्यायला तयार नाही. हजार एक मात्र उदार. त्याला सात, अकरा आणि तेरा असे तीन दरवाजे. करोल बागच्या एका लग्नाचे हजार एक डबे मी त्याच दरवाजांतून सुखरूप बाहेर काढले होते. लाख एकला अकराने भाग जातो, हेही मला पाठ होतं. दहा हजार एकची आणि माझी गाठ मात्र कधी पडली नव्हती.

मी चोप्राजींना म्हटलं, "बाईंना कळवू या, चूक झाली, दहा हजारच धरा."

ते दुखावले. "मास्टरजी, शगुन दे के वापस लेते हैं कभी? खानदान में किसी ने नहीं लिया."

आता समीरसाहेब. नवे एक्स्पोर्ट मॅनेजर, टायवाले, हुशार, आणि मनाने वाईट मुळीच नाहीत. पण 'आउटसोर्स' हा शब्द त्यांच्या तोंडी असा यायचा जसा आपल्या तोंडी 'चहा घेणार?' येतो. पॅकिंग फरीदाबादच्या एका ठेकेदाराला द्यायचं आणि आमच्या हॉलचं एसी शोरूम करायचं, हे त्यांनी आल्या आठवड्यापासून मनात धरलं होतं. त्यांनी कॅल्क्युलेटर समोर ठेवला.

"सर, मैंने पचास तक चेक किया है. ये नंबर किसी से डिवाइड नहीं होता. प्राइम है. इनसे नहीं होगा. ठेकेदार बोलता है, बायर से बात करके वो संभाल लेगा."

चोप्राजींनी माझ्याकडे पाहिलं, मग हॉलच्या दाराकडे. "मास्टरजी, सोमवार को पेटी दिखाओ. मैं अपने हाथ से गिराके देखूँगा. एक भी टूटा, तो हॉल खाली."

दाराशी रामवती उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी बाहेर आलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "खेत गया तो हॉल मिला, मास्टरजी. हॉल जाएगा तो क्या मिलेगा?"

उत्तर नसलं की मी मोठ्याने बोलतो. म्हटलं, "अरे, पॅकिंग तो मैं समंदर का भी कर दूँ, बस डब्बा बताओ." बायका हसल्या. रामवती हसली नाही.

शनिवारी दुपारी घरी आलो तर वीज गेलेली. आमची ही, सुधा, जमिनीवर परात घेऊन मंडळाच्या गणपतीसाठी रव्याचे लाडू वळत होती. सुधा गणितात एम.एस्सी., केंद्र सरकारच्या एका कचेरीत आकडेवारीच्या टेबलावर. तिथे तिचं गणित टक्केवारीच्या पुढे कधी जाऊ दिलं गेलं नाही, त्यामुळे ती भूक ती माझ्यावर भागवायची. मी तिला सगळं सांगितलं.

"अच्छा. मग दोनने आणि पाचने जात नाही, हे शेपटीवरूनच कळलं ना?" ती म्हणाली. "तीनने?"

"अंकांची बेरीज दोन. नाही जात."

"सातने?"

मी उन्हाने तापलेल्या डोक्याने भागाकार केला. "बाकी पाच."

"अकरा?"

"बाकी दोन."

"तेरा?"

"चार उरतात. सुधा, समीरसाहेबांनी पन्नासपर्यंत केलंय हे सगळं."

"पन्नासपर्यंत का? अर्ध्या वाटेत चहाचं दुकान लागलं का? शंभरापर्यंत जायला हवं. शंभराच्या पुढे मात्र एक पाऊल नको."

"शंभरच का?"

"अहो, शंभर गुणिले शंभर दहा हजार. तुमच्या आकड्याचे दोन भाग पाडले आणि दोन्ही शंभराहून मोठे निघाले, तर त्यांचा गुणाकार दहा हजार एकच्या कितीतरी पुढे जाईल. म्हणजे जोडीतला एक शंभराच्या आतच लपलेला असणार. तिथे नाही सापडला तर मग खुशाल प्राइम म्हणा. तर, सतराने?"

"पाच उरतात," मी घाम पुसत म्हणालो. "किती जायचं असं?"

"त्र्याहत्तरपर्यंत," ती लाडू वळत म्हणाली. "त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस. दहा हजार एक."

मी बघतच राहिलो. "तुला आधीपासून माहीत होतं?"

"कॉलेजपासून."

"मग मला सतरापर्यंत का पळवलंस?"

"पोट कमी व्हावं म्हणून."

मग तिने या आकड्याची खरी गंमत सांगितली. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, तिला दहा हजार एकने गुणा, तीच संख्या दोनदा शेजारी शेजारी उमटते. जणू रबरी शिक्का. म्हणून कुठलीही चार आकडी संख्या दोनदा लिहिलीत, तर त्या लांबलचक आकड्याला त्र्याहत्तरनेही भाग जातो आणि एकशे सदतीसनेही. अपवाद नाही. मी मनातल्या मनात समीरसाहेबांची गाडी आठवून ठेवली.

म्हणजे एकशे सदतीस पेट्या, प्रत्येकीत त्र्याहत्तर गोळे. मी जिंकल्यासारखा उठलो आणि तसाच खाली बसलो. कारण त्र्याहत्तर ही स्वतः मूळसंख्या. नऊ नऊच्या आठ रांगा केल्या की बहात्तर होतात आणि एक उरतो. चोप्राजींचा तो शगुनाचा एक, वेष बदलून प्रत्येक पेटीत येऊन बसणार होता. एक सुटा गोळा पेटीत खुळखुळला की हॉलंड येईपर्यंत बाकीच्या बहात्तरांना घेऊन बुडतो.

मी निराशेत एक लाडू उचलला. परातीत मधोमध एक लाडू होता आणि त्याला चिकटून सहा. बरोबर सहा, ना पाच ना सात. गोल वस्तूला तुम्ही कितीही चौकोनी रांगेत कोंबा, तिला मनातून आपल्याभोवती सहा शेजारीच हवे असतात. मधमाशीला हे कळतं, आम्ही मात्र आयुष्यभर चौकोनी पेट्यांकडे बघून गोळे भरत आलो. मी लाडू पुन्हा मांडायला लागलो. एक, भोवती सहा, त्याभोवती बारा, त्याभोवती अठरा. सदतीस झाले, सहा बाजूंची नीट गादी. उरले छत्तीस. बाजू सहा. प्रत्येक बाजूवर सहा: आधी तीन, त्यावर दोन, टोकाला एक.

परातीत सहा टोकांची चांदणी उभी राहिली. पुरी त्र्याहत्तर लाडवांची. एक कमी नाही, एक जास्त नाही.

ही कल्पना माझी. घरात याबद्दल दुसरं मत आहे. त्या मतानुसार मी फक्त लाडू खात होतो आणि मांडणी दुसऱ्याच कुणीतरी केली. वाचकांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि माझ्या बाजूने निकाल द्यावा.

रविवारी सकाळी जाड पुठ्ठ्याचे ताव स्कूटरला बांधून मी रामवतीच्या गावात गेलो. ताव एवढे मोठे की वाटेत वारा आला तेव्हा मी, स्कूटर आणि पुठ्ठा मिळून काही अंतर उडत गेलो. रामवतीने ट्रॅक्टरवरच्या गोधड्या काढल्या आणि आम्ही त्याच्या बॉनेटवर काम सुरू केलं. गोळा लिंबाएवढा. चहाच्या छोट्या पेल्याच्या बुडाने वर्तुळं आखायची, रापीने कापायची, तावाला त्र्याहत्तर भोकं, चांदणीच्या आकारात. असे दोन ताव, एक खाली, एक वर, मध्ये गोळे अडकलेले. चांदणीच्या टोकांमध्ये ज्या सहा खाचा उरत, तिथे कागदाच्या चुरगळलेल्या गाद्या. म्हणजे धक्का लागलाच तर तो गोळ्यांना नव्हे, गाद्यांना. नवरा बाजूला उभा राहून बघत होता. रामवती त्याला म्हणाली, "देख ले, आज पहली बार ट्रैक्टर ने काम किया है."

आता सगळं थर्माकोलच्या साच्यात येतं. पेटी उघडली की आत एक पांढरा ढेपसा. कुणाच्या हाताचं काही दिसत नाही. माझ्या त्या पुठ्ठ्याच्या चांदण्यांपैकी एकही मी घरी ठेवली नाही याचं वाईट वाटतं. तेव्हा वाटलं होतं, या काय, हव्या तेव्हा कापू.

सोमवारी चोप्राजींच्या खोलीत समीरसाहेब म्हणाले, "सर, टाइम वेस्ट. प्राइम है."

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या मारुतीचा नंबर काय?"

"चवालीस ज़ीरो सात. क्यों?"

"कॅल्क्युलेटरवर घाला. दोनदा, लागून लागून."

त्यांनी घातलं, ४४०७४४०७. त्या वेळच्या कॅल्क्युलेटरची खिडकी आठच आकड्यांची, ती काठोकाठ भरली.

"आता त्र्याहत्तरने भागा."

त्यांनी भागलं. ६०३७५९. दशांशाचं टिंब कुठे नाही. त्यांच्या भुवया थोड्या वर गेल्या.

"आता एकशे सदतीसने."

पडद्यावर त्यांचीच मारुती येऊन उभी राहिली. ४४०७.

चोप्राजींनी कॅल्क्युलेटर हिसकावून घेतला. स्वतःच्या गाडीचा नंबर घातला, मग मेहुण्याच्या गाडीचा, मग फोनचे शेवटचे चार आकडे. प्रत्येक वेळी तो नंबर परत आला. मग अकाउंटंट आला, टायपिस्ट आला, चहावाला आपल्या सायकलीचा नंबर घेऊन आला, सायकलीला नंबर नसतो हे कळल्यावर हिरमुसून गेला. अर्धी सकाळ कारखाना बंद होता. शेवटी चोप्राजी गंभीर होऊन म्हणाले, "देखा? शगुन का आँकड़ा है. जो दो, वापस आता है."

समीरसाहेबांनी खेळीमेळीने हार मानली, पण अर्धीच. "ओके, नंबर टूट गया. माल न टूटे तब बात है."

बरोबरच होतं त्यांचं. हॉलचा निकाल आकड्यावर नव्हता, काचेवर होता.

पेटी हॉलमध्ये मधल्या टेबलावर ठेवली होती. बायका भिंतीला टेकून उभ्या. रामवती सगळ्यांच्या पुढे, हात पदराखाली. चोप्राजी पेटीकडे आले, बाह्या वर केल्या, आणि ती छातीपर्यंत उचलली. या हॉलमध्ये मी काच फुटण्याचे इतके आवाज ऐकले होते की कुठला गोळा कुठल्या रंगाचा ते मी डोळे मिटून सांगू शकलो असतो. तेव्हा मी डोळे मिटले.

पेटी पडली. धप्प असा आवाज झाला, भरलेल्या पोत्याचा व्हावा तसा. त्यामागून काही आलं नाही.

चोप्राजींनी ती पुन्हा उचलली आणि या वेळी कोपऱ्यावर टाकली. पुन्हा धप्प. तिसऱ्यांदा उलटी टाकली. मग गुडघ्यावर बसून त्यांनी चिकटपट्टी फाडली आणि वरचा ताव उचलला.

लाल, निळे, सोनेरी, हिरवे गोळे आणि त्यांची मोठी थोरली चांदणी, टोकं जिथल्या तिथे. खिडकीतून ऊन येत होतं ते प्रत्येक गोळ्यात वेगळं पडलं होतं. चोप्राजींनी एका टोकाच्या गोळ्याला बोटाने हळूच हलवून पाहिलं. तो हलला नाही.

"ये तो क्रिसमस का तारा है," ते म्हणाले. त्यांच्यासाठी तो आवाज इतका हलका होता की टायपिस्टला वाटलं, साहेबांची तब्येत बिघडली. "मैडम दुकान में यही खोलके रख देगी."

मग ते उठले, गुडघे झटकले आणि समीरसाहेबांना म्हणाले, "ठेकेदार को मना कर दो. हॉल यहीं रहेगा." आणि रामवतीकडे वळून, "रामवतीजी, कल से शुरू?"

रामवतीने एव्हाना पदर कमरेला खोचला होता. "कल क्यों? आज का दिन किसने खा लिया?"

तिने मागे न पाहता हात केला आणि बायका भिंतीपासून सुटून आपापल्या पाटांवर जाऊन बसल्या. कुणी पुठ्ठा ओढला, कुणी पेला शोधला. कामाची ती कुजबुज सुरू झाली, जी मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही आवाजापेक्षा जास्त वेळ ऐकली आहे. समीरसाहेब अजून दारात उभे होते, शोरूमचं काय करायचं याचा विचार करत असावेत.

रामवतीने रापी उचलली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"साहब, जरा हट के खड़े हो जाओ. हवा रुकती है."

साहेब हटले.